तंबूतला जिना

तोआ पायोह, सिंगापूर
४ मार्च २०२४

प्रिय उर्मिलामावशी,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहिलं की तू चिडतेस, म्हणून लिहीत नाही. फोनच करणार होते, पण तुझा डावा कान आता पूर्ण बंद झालाय आणि उजव्यावर भरवसा नाही, असं आई म्हणाली. शिवाय तुझंच वाक्य तिने मला ऐकवलं, की बोलताना माणूस आकडे गोल करतो. म्हणून हे पत्र, ईमेलने का होईना.

काम असं आहे. आमच्या पद्मनाभ सरांच्या प्रकल्पात म्यानमारमधून पळून सीमेपलीकडच्या दोन छावण्यांत राहणाऱ्या दोनशे बारा माणसांचे फॉर्म जमले आहेत. इथे सिंगापुरात निर्वासित नाहीत, इथे येतो तो त्यांचा फक्त आवाज. दर रविवारी दुपारी तोआ पायोहमधल्या एका छोट्या संस्थेच्या ऑफिसातून दुभाषी छावणीत फोन लावतात, तिकडे एकेक माणूस फोनवर येतो, दुभाषी प्रश्न विचारतात आणि इंग्रजीत फॉर्म भरतात. छत्तीस प्रश्न आहेत. वाईट स्वप्नं पडतात का, दचकायला होतं का, आठवणी टाळता का, असे चोवीस नेहमीचे. उरलेले बारा त्यांच्याच लोकांनी सुचवलेले. ती यादी करायला दुभाषीही बसले होते.

कोणती उत्तरं एकमेकांबरोबर येतात ते पाहायला मी त्यावर घटक विश्लेषण चालवलं. चार घटक निघतील अशी अपेक्षा होती: आठवणी अंगावर येणं, टाळणं, मन बधिर होणं आणि सतत सावध असणं. चारही निघाले. पण पाचवा एक निघाला, आणि तो त्या चारांपेक्षा घट्ट आहे. त्यात हे पाच प्रश्न एकत्र बसलेत:

ओल्या पावलांचा आवाज येतो.
पाण्याच्या भांड्यावर झाकण असल्याशिवाय चैन पडत नाही.
जेवताना एक ताट जास्त वाढलं जातं.
डाव्या बाजूला कोणीतरी बसल्यासारखं वाटतं.
नावाने हाक आली तर ओ देत नाही.

ज्याला यातलं एक आहे त्याला पाचही आहेत. या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, दोन छावण्यांमध्ये तीनशे किलोमीटरचं अंतर आहे. या घटकाला नाव काय द्यावं, तेच मला सुचत नाही. तू पस्तीस वर्षं सर्वेक्षणांचे फॉर्म तपासलेस. तुला काय दिसतं?

तुझी,
कस्तुरी

---

पुणे
६ मार्च २०२४

चि. कस्तुरी,

आशीर्वाद. दोन वर्षांत पहिल्यांदा मावशी आठवली ती घटक विश्लेषणासाठी. असो, वाढदिवसाला आठवण्यापेक्षा हे बरं.

आधी एक पक्कं लक्षात ठेव. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं ते पाहिलं की न सांगता घराणी कळतात, तेवढंच तुझं यंत्र करतं. कोण एकत्र बसलंय एवढं ते सांगेल. ते का एकत्र बसलेत हे त्याला ठाऊक नाही, ते उठून जाऊन विचारावं लागतं. तू नाव द्यायला निघालीस. बारशाआधी मूल कोणाचं ते बघावं की नाही?

फॉर्मवर सहा गोष्टी असतातच. गाव, वय, बाई की पुरुष, तारीख, वेळ आणि कोणी विचारलं. तुझा पाचवा घटक या सहांपैकी कशाबरोबर वाढतो नि कशाबरोबर नाही, ते एकेक करून बघ. उत्तरांना हात लावू नकोस. उत्तर आलं तसं लिहायचं, खाडाखोड करायची नाही, हा नियम मी फॉर्म भरणाऱ्या मुलांना घोकवून घोकवून शिकवला आहे.

ते पाच प्रश्न मी आज दुपारी दोनदा वाचले. मला ते आवडले नाहीत. का ते सांगता येत नाही.

जेवतेस ना वेळेवर?

उर्मिलामावशी

---

तोआ पायोह
१२ मार्च २०२४

प्रिय मावशी,

तू सांगितलंस तसं केलं. वयाशी संबंध नाही, बाई-पुरुषाशी नाही, छावणीशी नाही, वेळेशी नाही. ‘कोणी विचारलं’ हा रकाना माझ्याकडे नाहीच. नावं-गावं पुसून माहिती निनावी करायची होती, तेव्हा जानेवारीत मीच तो उडवला. फार काटेकोर काम केलं म्हणून सरांनी शाबासकीसुद्धा दिली होती.

पण तारखेशी संबंध आहे. आणि तो कसा आहे ते पाहिल्यापासून मला बरं वाटत नाहीये.

ओल्या पावलांच्या प्रश्नाला एक पोटप्रश्न आहे: आवाज कुठून येतो? एक म्हणजे फार लांबून, पाच म्हणजे अगदी शेजारून. मी सरासरी काढून महिने ओळीने मांडले. नोव्हेंबरात एक पूर्णांक दोन. डिसेंबरात दोन. जानेवारीत जवळजवळ तीन. फेब्रुवारीत तीन पूर्णांक आठ. परवाच्या रविवारचे फॉर्म काल आले, त्यात चार पूर्णांक चार.

दर रविवारी नवी माणसं असतात, मावशी. एकच माणूस दोनदा विचारलेला नाही. नोव्हेंबरातल्या म्हाताऱ्याला जे लांबून ऐकू आलं, तेच मार्चमधल्या बाईला दाराशी ऐकू येतंय. एकच कोणीतरी चालत येतंय आणि जो समोर आला त्याने ते आतापर्यंत कुठवर पोचलंय एवढं सांगितलं, असं ते दिसतं.

शेरेसुद्धा तसेच आहेत, क्रमाने: ‘खाली रस्त्यावर’. ‘जिन्याच्या तळाशी’. ‘जिन्याच्या वळणावर’. ‘दाराबाहेर, चपला काढतात तिथे’.

हसू नकोस. रविवारी दुपारी दोनला मी घरी होते, लख्ख ऊन होतं. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ओली पावलं उमटलेली दिसली, जिन्याकडून माझ्या दारापर्यंत. समोरच्या आजी फरशी पुसतात, त्यांचीच असणार. पण मी आत येऊन पाण्याच्या जगवर ताटली ठेवली, आणि ठेवल्यावरच माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

कस्तुरी

---

पुणे
१४ मार्च २०२४

चि. कस्तुरी,

पाणी झाकलंस ते चांगलंच केलंस, पाल पडत नाही. भूत म्हणून नको, पाल म्हणून झाकत जा.

आता तुझे शेरे परत वाच. मला पाच मिनिटं लागली. तुला आठ दिवसांत दिसलं नाही, कारण तू सातव्या मजल्यावर राहतेस.

तंबूला जिना कुठला गं?

बांबू आणि ताडपत्रीच्या झोपडीत राहणारी माणसं ‘जिन्याच्या वळणावर’ म्हणतील कशाला? एकाने म्हटलं असतं तर लहानपणीच्या घरातला जिना आठवला म्हणून सोडून दिलं असतं. हा जिना दर रविवारी एकेक पायरी वर येतोय. ज्याला ती पावलं ऐकू येतात तो इमारतीत राहतो. तो छावणीत नाही, तुझ्या सिंगापुरात आहे. काखेत कळसा आणि तू शोधतेयस तीनशे किलोमीटरच्या गावाला वळसा घालून.

कोणी विचारलं, ते शोधून काढ. रकाना उडवलास तर हजेरीची वही असेल, सह्या असतील.

असं पूर्वी एकदा माझ्याबाबतीत झालं होतं. त्र्याण्णव सालच्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या संस्थेने सर्वेक्षण केलं. तीन वस्त्यांमध्ये एका पोराने भरलेले सत्त्याऐंशी फॉर्म एकसारखे निघाले. सत्तर वर्षांच्या म्हातारीपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच, की मातीखालून घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मी ते सत्त्याऐंशी बाजूला काढले आणि निकाल स्वच्छ आले. बाकीचं पुन्हा कधीतरी.

मावशी

---

तोआ पायोह
२७ मार्च २०२४

प्रिय मावशी,

सापडलं! तुला मानलं पाहिजे.

हजेरीची वही ऑफिसच्या कपाटात होती. दुभाषी दोनच. एक इथला विद्यार्थी, पहिल्या दोनशे बारांत त्याचे चौऱ्याहत्तर फॉर्म. त्यांत पाचवा घटक औषधालाही नाही. बाकीचे एकशे अडतीस थिडाचे.

थिडा चाळिशीची आहे. सेम्बावांगला एका फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर, एका चिनी आजींना सांभाळते. चौदा वर्षं वर्क परमिटवर इथे आहे. रविवारची तेवढी सुट्टी, ती पूर्ण आमच्या कामाला देते, आणि तीही फुकट. ऑफिसात सगळ्यांत आधी येते, सगळ्यांसाठी चहा करते. हसतमुख म्हणावी अशी. तिच्याबद्दल शंका येण्याचं काही कारणच नव्हतं.

ऑफिसातून लावलेले फोन आपोआप रेकॉर्ड होतात, त्यातल्या थिडाच्या तीन ध्वनिफिती बर्मी जाणणाऱ्या एका मैत्रिणीला ऐकवल्या. नेहमीचे चोवीस प्रश्न थिडाने नीट विचारलेत, उत्तरंही बरोबर लिहिलीत. गडबड त्या पाच प्रश्नांतच आहे. दोन फितींत माणूस स्वच्छ ‘नाही’ म्हणतो आणि थिडा ‘फार जास्त’ लिहिते. तिसऱ्या फितीत मात्र एक म्हातारा खरंच म्हणतो, ‘जिन्यात’. तो तंबूत राहतो. तो तसं का म्हणाला, ते मला कळलेलं नाही, आणि मैत्रिणीने ती फीत परत ऐकायला नकार दिला.

असो. मी तुझ्याच वाटेने गेले. एकशे अडतीस बाजूला काढले, आणि चार घटक कसे सरळसोट उभे राहिले म्हणून सांगू! सरांना लिहून टाकलं की दुभाषीने उत्तरं बनवली आहेत, संस्थेला कळवून तिला कमी करावं. सर गुड फ्रायडेला जोडून चेन्नईला गेलेत, सोमवारी बघतील. थिडालाही निरोप पाठवला. थोडा कडक लिहिला, पण खरं तेच लिहिलं: ‘तुमचे फॉर्म एकसारखे आहेत. हे कसं झालं याचा खुलासा करा. लोकांच्या दुःखाची खोटी नोंद करणं हा अपराध आहे.’

तिने वाचला आहे, दोन निळ्या खुणा दिसताहेत. उत्तर नाही. खरं असतं तर दिलं नसतं का?

कस्तुरी

---

पुणे
२७ मार्च २०२४, संध्याकाळ

कस्तुरी,

हातातलं सगळं टाक आणि त्या बाईकडे जा. उद्या नाही तर परवा असं म्हणू नकोस. पत्र पुरं वाचायच्या आधी उठलीस तरी चालेल.

चूक माझी आहे. मी तुला अर्धीच गोष्ट सांगितली आणि त्या अर्ध्यावर तू चाललीस.

किल्लारीचे सत्त्याऐंशी फॉर्म भरणारा ‘एक पोरगा’ म्हणजे आपला उन्मेष. तुझा मामा. चोवीस वर्षांचा होता. भूकंप झाला त्याच दिवशी मित्रांबरोबर ट्रकमध्ये बसून गेला. चार दिवस हातांनी माती उपसत होता. तिथे एका हाताच्या मनगटावर घड्याळ चालू होतं आणि ते मातीखालून काढेपर्यंत त्याला टिकटिक ऐकू येत होती, असं त्याच्या मित्राने मला नंतर सांगितलं. उन्मेष कोणालाच काही बोलला नाही. त्याला कोणी विचारलं नाही. तो काही भूकंपग्रस्त नव्हता, तो फॉर्म भरणारा होता.

पुढे मीच त्याला सर्वेक्षणाच्या कामाला लावलं. पत्र्याच्या शेडमध्ये बसून तो लोकांना विचारायचा, रात्री नीट झोप लागते का, कसले आवाज ऐकू येतात का. लोक आपापलं सांगायचे आणि तो स्वतःचं लिहायचा. सत्त्याऐंशी वेळा त्याने मला सांगितलं, कस्तुरी. सत्त्याऐंशी वेळा, रीतसर फॉर्मवर, तारीख घालून. आणि मी त्याची सख्खी थोरली बहीण, तपासायला बसलेली, मला काय दिसलं? एकसारखेपणा दिसला.

मी त्याला पत्र टाकलं. अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे. ‘फॉर्म एका जागी बसून भरलेस का? मेलेल्यांची चेष्टा करतोस, लाज वाटत नाही?’ अकराव्या दिवशी तो विहिरीत सापडला. पाय घसरला असं आम्ही तुम्हा मुलांना सांगत आलो. नदी पोहून जाणारा पोर होता तो.

पत्र त्याच्या हाती पडलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. त्याच्या सामानात सापडलं नाही. त्या भागात टपाल तेव्हा आठ-आठ, दहा-दहा दिवस लागून पोचायचं, त्या हिशेबावर मी तीस वर्षं जगले आहे. तुझ्या निरोपाला निळ्या खुणा आहेत. तुला तेवढीही सोय नाही.

ती पावलं चार पूर्णांक चारवर आहेत. पाचच्या आधी जा.

उर्मिला

---

तोआ पायोह
१ एप्रिल २०२४

मावशी,

थिडा आहे. ठीक नाही, पण आहे.

गुरुवारी सकाळी सेम्बावांगला गेले. लिफ्टने न जाता अकरा मजले जिन्याने चढले, का कोण जाणे. दार त्या चिनी आजींच्या लेकीने उघडलं. मी विचारलं, थिडा बरी आहे ना? ती म्हणाली, “ओके लाह, जस्ट टायर्ड. थिंक टू मच.” मागे थिडा उभी होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने मान हलवली आणि हळूच म्हणाली, मॅडमसमोर नको. त्यांना कळलं तर परत पाठवतील.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिचं डोकं फिरलंय असं कोणाच्या कानावर गेलं तर परमिट रद्द होऊन तिची रवानगी जिथून पळाली तिथेच, अशी भीती तिला चौदा वर्षं आहे. ती कोणाला सांगणार? निर्वासितांचा फॉर्म तिच्यासाठी नव्हता, कारण कागदोपत्री ती निर्वासित नाही. म्हणून ती दुसऱ्यांच्या फॉर्मात जाऊन बसली.

सरांना चेन्नईला फोन करून तक्रार मागे घेतली. ते वैतागले, “मग रिसर्च पेपरात काय लिहायचं?” म्हणाले. मी म्हटलं, खरं काय ते लिहू.

काल रविवारी ती आली. नेहमीसारखी आधी आली, नेहमीसारखा चहा केला. बाकीचे गेल्यावर मी म्हटलं, “थिडा, एक माणूस राहिलाय. आज फॉर्म मी भरते, तू फक्त मधे बोल. मी इंग्रजीत विचारीन, तू तिला बर्मीत विचार, आणि ती काय म्हणते ते मला सांग.” तिने हेडसेट लावला. फोन कुठेच लावलेला नव्हता. तो लावलेला नाही हे तिला दिसत होतं, मलाही दिसत होतं.

मी पहिला प्रश्न विचारला. तिने तो बर्मीत विचारला. मग थांबली. समोरचं माणूस बोलतंय आणि आपण ऐकतोय, असं डोकं किंचित कलतं करून थांबली, आणि मग म्हणाली, “ती म्हणते, झोप लागत नाही.”

छत्तीस प्रश्न, सव्वा तास. दर वेळी ती तेवढीच थांबायची जेवढं खऱ्या माणसाला उत्तर द्यायला लागतं. छोट्या उत्तराला छोटं, मोठ्याला मोठं. एकदा तर ती मधेच म्हणाली, “जरा थांबा, ती रडतेय.” आणि थिडाचे डोळे कोरडे होते. आम्ही दोघी बसून राहिलो, ती बाई रडायची थांबेपर्यंत.

ती म्हणते, पंधरा वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या पाण्याच्या सणाच्या दिवसांत रात्रभर चालून नदी ओलांडली. धाकट्या बहिणीचा हात तिच्या डाव्या हातात होता. पलीकडे पोचली तेव्हा हात रिकामा होता. मागून नावाने हाक आली. तिने ओ दिली नाही, कारण ओ दिली असती तर बंदूकवाल्यांना कळलं असतं.

मी विचारलं, पावलं आता कुठे आहेत?

ती म्हणते, आत आली. डावीकडे बसली आहे.

माझ्या आणि थिडाच्या मधे, थिडाच्या डाव्या हाताला, एक रिकामी खुर्ची होती. मी तिकडे बघितलं नाही.

मी विचारलं, काय हवंय तिला?

ती म्हणते, या वेळी ओ दे म्हणते. चौदा तारखेला, सणाच्या रविवारी, सेम्बावांगच्या किनाऱ्यावर.

फोन रेकॉर्ड करणारं यंत्र सवयीने चालूच राहिलं होतं. दोन्ही बाजूंचे आवाज ते वेगवेगळे साठवतं. पलीकडच्या बाजूला काही असायचं कारण नाही. ती बाजू मी अर्ध्या मिनिटापर्यंत ऐकली आणि बंद केली. पुढचं ऐकायची छाती झाली नाही.

आता काय करू?

कस्तुरी

---

पुणे
२ एप्रिल २०२४

चि. कस्तुरी,

शहाणी आहेस. हे मला सुचलं नसतं.

तिची भाषा जाणणारा कोणीतरी डॉक्टर शोध, असा की जो तिच्या मालकिणीला कळवणार नाही. तोवर रोज तिला निरोप पाठव, कडक नको. आणि चौदाला तिला अडवू नकोस. जाऊ नको म्हटलेलं माणूस एकटं जातं. तू बरोबर जा, दिवसाउजेडी जा, आणि डबा घेऊन जा. एक ताट जास्त लागतं हे तिने सांगितलंच आहे.

ती फीत पुसू नकोस. ऐकूही नकोस.

मावशी

---

तोआ पायोह
१५ एप्रिल २०२४

प्रिय मावशी,

तोआ पायोहच्या बर्मी विहारातल्या एका बाईंच्या ओळखीने डॉक्टर मिळाल्या, स्वतः मंडालेच्या. थिडा त्यांना विहारातच दोनदा भेटली. गोळ्या सुरू केल्यात. विहारात यायला मालकिणीची परवानगी लागत नाही.

काल सकाळी दहाला आम्ही दोघी किनाऱ्यावर गेलो. रविवारची गर्दी होती, पोरं पतंग उडवत होती, समोर मलेशिया दिसत होता. मी खिचडी आणि लोणचं नेलं होतं, तिने भात आणि मासे. तिने तीन ताटल्या मांडल्या. पाण्याच्या बाटल्यांना टोपणं घट्ट लावली. डाव्या बाजूला जागा सोडून बसली, आणि मीही तिच्या डावीकडची जागा मोकळी ठेवून पलीकडे बसले.

दुपारी कधीतरी, बोलता बोलता, ती थांबली. तसंच डोकं कलतं केलं. मी तिचा हात धरला. ती पाण्याकडे बघून मोठ्याने ‘ओ’ म्हणाली, त्यांच्या भाषेत. आजूबाजूची दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. मी हात सोडला नाही. पाण्यात जायचंय का, एवढंच विचारलं. तिने तिसऱ्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, “ती म्हणते, आज नको. आज जेवू या.”

तिसरं ताट आम्ही वाटून खाल्लं. पाचला मी तिला घरी सोडलं. आज सकाळी तिचा निरोप आला, की आजींना अंघोळ घातली, पाऊस आहे, कपडे आत घेतले. एवढाच. मी तो चार वेळा वाचला.

पेपरात मी पाचवा घटक ठेवलाय. त्याच्याखाली लिहिलंय की हा विचारणाऱ्या व्यक्तीचा आहे, तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि ती कोण हे पुसून टाकण्याची चूक विश्लेषकाची. नाव अर्थात दिलेलं नाही.

मावशी, आणखी एक. मामाला कोणी विचारलं होतं का? म्हणजे त्याचा फॉर्म? छत्तीस प्रश्न मी मराठीत करून सोबत जोडले आहेत. नको वाटलं तर फेकून दे.

कस्तुरी

---

पुणे
५ मे २०२४, रविवार

चि. कस्तुरी,

तुझे प्रश्न तीन आठवडे टेबलावर होते. तुझ्या आईला बोलावून सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी भाजी घेऊन आली. ते सत्त्याऐंशी फॉर्म मी कधी टाकले नव्हते. उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात होते.

आज दुपारी जेवण झाल्यावर बसले. शेजारच्या क्षिप्राला सांगून ठेवलं की मी मोठ्याने बोलले तर वेड लागलं समजू नकोस. डावीकडे एक खुर्ची ओढली. पेन घेतलं. वर लिहिलं, फॉर्म क्रमांक अठ्ठ्याऐंशी. वय चोवीस. गाव पुणे. कोणी विचारलं: बहीण.

पहिला प्रश्न मोठ्याने वाचला आणि थांबले. थिडासारखीच, घाई न करता. वाटलं होतं, काही व्हायचं नाही, म्हातारी रडेल थोडी आणि उठेल.

उत्तरं डावीकडून आली, कस्तुरी. त्या कानाने मला वर्षभरात कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आलेली नाही.

तो म्हणतो, झोप लागत नाही. तो म्हणतो, टिकटिक ऐकू येते. तोंडात मातीची चव आहे म्हणतो. ताई, तू आली असतीस तर सांगणार होतो, म्हणतो. छत्तीसही उत्तरं मी लिहिली. मधे एकदा तो हसला. मातीखालच्या त्या हातातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं म्हणे.

मग मी फॉर्मात नसलेला एक प्रश्न घातला. विचारायला मला फार वेळ लागला. तो थांबला होता.

माझं पत्र तुला मिळालं होतं का रे?

तो म्हणतो, मिळालं होतं.

मी उत्तर आलं तसं लिहून घेतलं आहे. खाडाखोड केलेली नाही.

तुझी,
उर्मिलामावशी